कमी कापायचं, पण किती कमी? त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, सौंदर्योपचार आणि त्यामागचं संशोधन

सूक्ष्मदर्शी | सोम, २१:१०

नमस्कार मंडळी,

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. कामाचा मोठा भाग त्वचेचा. नाकाच्या शेंड्यावरून, पापणीच्या कडेवरून, कानाच्या पाळीवरून काढलेला तुकडा येतो आणि सोबतच्या फॉर्मवर सर्जनचा प्रश्न ठरलेला असतो: कडा मोकळ्या आहेत का? इथल्या आधीच्या एका चर्चेत बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की 'एवढीशी गाठ आणि केवढं कापतात'. त्याच चर्चेत तीळ लेसरने जाळून टाका असे सल्लेही होते. दोन्हींबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं आहे: आज सर्जन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी कापतात, आणि हे शक्य झालं कारण कुणीतरी रुग्णांचे दोन गट केले, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला आणि मोजलं. हीच शिस्त सौंदर्योपचारांकडूनही मागायला हवी. कातडी तीच, आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच.

आधी मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, घेऊ. १९०७ साली विल्यम हँडली या ब्रिटिश सर्जनने रुंद कापण्याची शिफारस केली. तिला आधार होता मुख्यतः एका रुग्णाच्या शवविच्छेदनाचा. त्यातून पुढे गाठीच्या चहूबाजूंनी ५ सेंटीमीटर कापायची पद्धत पडली आणि ती अनेक दशकं टिकली. ५ सेंटीमीटर सगळीकडून म्हणजे जखम टाक्यांनी मिटतच नाही, दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. १९७० मध्ये ब्रेस्लो यांनी दाखवलं की मेलॅनोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली की रुग्णाचं पुढे काय होणार याचा अंदाज येतो. मग प्रश्न उभा राहिला की पातळ गाठीलाही तेवढंच का कापायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मेलॅनोमा गटाने २ मिमीपर्यंत जाडीच्या गाठींत १ सेमी विरुद्ध ३ सेमी अशी तुलना केली. १९८८ मध्ये निकाल आला: जगण्यात फरक नाही. २ मिमीहून जाड गाठींत २ सेमी विरुद्ध ४ सेमी अशी मोठी युरोपीय चाचणी झाली, २०११ मध्ये तिचाही निकाल तसाच. पण ब्रिटनमध्ये त्याच जाड गाठींत १ सेमी विरुद्ध ३ सेमी करून पाहिलं, तेव्हा १ सेमीवाल्या गटात आजार आसपास परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि दीर्घ पाठपुराव्यात मेलॅनोमाने होणारे मृत्यूही जास्त निघाले. म्हणजे जाड गाठीत २ सेमीवर थांबता येतं, १ सेमीवर थांबणं धोक्याचं. ही रेषा कुठे आहे हे कुणालाही नजरेने सांगता आलं नसतं. आता १ आणि २ सेमीची थेट तुलना करणारी मोठी चाचणी चालू आहे.

लसिका ग्रंथींचंही तेच झालं. पहिल्या पहारेकरी ग्रंथीत (सेंटिनेल नोड) कर्करोगाच्या पेशी सापडल्या की त्या भागातल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या, हा नियम होता. २०१७ मध्ये एमएसएलटी-२ चाचणीचा निकाल आला. १९०० हून अधिक रुग्ण, अर्ध्यांच्या ग्रंथी लगेच काढल्या, अर्ध्यांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवलं. तीन वर्षांनी मेलॅनोमामुळे मृत्यू न झालेले दोन्हीकडे ८६ टक्के. हातापायाला सूज मात्र ग्रंथी काढलेल्यांत २४ टक्के आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ६ टक्के. यानंतर हजारो लोकांचे हात-पाय त्या सुजेपासून वाचले आहेत. मला या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं संशोधन हेच वाटतं, आणि त्यात नवं औषध नाही की नवं यंत्र नाही.

मोज् शस्त्रक्रियेबद्दल (गाठ पदरापदराने काढून तिथल्या तिथे तपासण्याची पद्धत) वेगळ्या प्रतिसादात लिहिते, तो माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

पारिजात | सोम, २१:४८

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. मोज् बद्दल जरूर लिहा, आणि नुसतं 'अचूक पद्धत आहे' असं नको, लॅबमध्ये नेमकं काय होतं तेही येऊ द्या.

सूक्ष्मदर्शी | सोम, २३:०५

पारिजात, लिहिते.

नेहमीच्या पद्धतीत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो. ग्रॉसिंग (तुकडा पाहून कापून घेणं) करताना आम्ही त्याच्या बाहेरच्या बाजूंना शाई लावतो आणि पावाच्या लादीसारखे उभे काप करतो. त्यातल्या प्रत्येक कापाचा पातळ थर काचेवर जातो. आता विचार करा, दोन थरांच्या मधली कड कुणी पाहिलेलीच नसते. प्रत्यक्षात एकूण कडेचा १ टक्क्याहूनही कमी भाग सूक्ष्मदर्शकाखाली येतो. 'कडा मोकळ्या' म्हणजे 'पाहिलेल्या जागी मोकळ्या'. बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा सगळ्यात जास्त आढळणारा, हळू वाढणारा कर्करोग) कधीकधी बारीक मुळांसारखा पसरतो, ते मूळ नेमकं न पाहिलेल्या जागेत असू शकतं.

मोज् पद्धतीत सर्जन सुरी तिरकी धरून बशीच्या आकाराची चकती काढतो. त्याच क्षणी रुग्णाच्या कातडीवर आणि चकतीवर एकाच जागी बारीक खाच करतो, म्हणजे पुढे दिशा चुकत नाही. चकती गॉझवर ठेवून माझ्याकडे येते, सोबत हाताने काढलेला नकाशा. मी एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला लाल शाई लावते. मग खरं कौशल्याचं काम: चकतीची तिरकी कड दाबून खाली आणायची, जेणेकरून वरच्या कातडीची कड आणि तळ दोन्ही एकाच सपाट पातळीत येतील. कडेला छोटे छेद दिले की ती अंग सोडते. उलटी करून गोठवायची, क्रायोस्टॅट या थंड कापणी-यंत्रात उणे २० ते २५ अंशांवर काही मायक्रॉन जाडीचे थर कापायचे, आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचे. कातडीची कड एका ठिकाणी जरी घडी पडून राहिली तर ती स्लाइड मी बाद धरते आणि आणखी आत कापते, कारण न दिसलेल्या कडेवर 'मोकळी' असं लिहिताच येत नाही.

स्लाइड सर्जन स्वतः पाहतो. नकाशावर समजा निळ्या बाजूला, घड्याळाच्या चारच्या जागी पेशी दिसल्या, तर फक्त तिथलाच आणखी एक पदर काढायचा. रुग्ण पट्टी बांधून बाहेर बसलेला असतो. सगळं मोकळं झालं की मगच जखम बंद.

मनमोकळा | मंगळ, ०७:३०

इतकं चांगलं असेल तर सगळ्यांचं याच पद्धतीने का करत नाहीत? की हाही कौशल्याच्या नावाखाली चाललेला प्रचार?

त्वचावैद्य | मंगळ, ०९:१५

मनमोकळा, रास्त प्रश्न. मी त्वचाशल्यचिकित्सा करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवतो.

बरीच वर्षं मोज् च्या बाजूने फक्त रुग्णांच्या नोंदी होत्या. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेलमध्ये पाच वर्षांत सुमारे ९९ टक्के यश, असे ते आकडे. पण कुठले रुग्ण निवडले, किती जण मधेच सुटले, यावर अशा नोंदींचं सगळं अवलंबून असतं. खरी परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. चेहऱ्यावरचे, धोक्याचे बेसल सेल, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले आणि दहा वर्षं पाहिले. पहिल्यांदा झालेल्या गाठी मोज् नंतर ४.४ टक्के परत आल्या, साध्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. एकदा परत आलेल्या गाठींत ३.९ विरुद्ध १३.५, आणि हा ठाम ठरला.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्यांदाच्या गाठींत जो आजार परतला, त्यातला निम्म्याहून अधिक पाच वर्षं उलटल्यावर परतला. म्हणजे दोन-तीन वर्षांचा पाठपुरावा करून 'आमच्याकडे परत येत नाही' म्हणणाऱ्या कुठल्याही उपचाराकडे सावधपणे पाहायला हवं. मी तर रुग्णाला पहिल्याच दिवशी हे सांगतो.

सगळ्यांना का नाही? पाठीवरचा छोटा, स्पष्ट कडेचा बेसल सेल ४ मिमी निरोगी कातडीसह काढला तर बहुतेकांचा पूर्ण निघतो. तिथे जागाही भरपूर असते. तासन् तास लॅब लावून फारसं काही मिळत नाही. नाक, पापणी, ओठ, कान, परत आलेली गाठ, अस्पष्ट कड, अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण: इथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो आणि आजार परतला तर नुकसान मोठं असतं. अमेरिकेत २०१२ मध्ये यासाठी कुठे योग्य, कुठे अयोग्य असे निकष प्रसिद्ध झाले, ते उगाच नव्हे. पद्धत गरज नसताना वापरली जाते ही तक्रार तिथेही होतीच.

केदार_म | मंगळ, १३:०२

थोडं वेगळं विचारतो. माझ्या काकांच्या कपाळावर न भरणारा फोड आहे. त्यांना कुणीतरी इंटरनेटवरचं काळं मलम सुचवलंय. वनस्पतीचं आहे, 'कर्करोग मुळासकट ओढून काढतं' असं लिहिलंय. व्हिडिओत खरोखर काळी खपली पडून खड्डा झालेला दिसतो. वापरून पाहायला हरकत आहे का?

त्वचावैद्य | मंगळ, १३:२०

केदार, कृपया वापरू देऊ नका. आधी बायोप्सी. न भरणारा फोड ही स्वतःच तपासणीची खूण आहे.

सूक्ष्मदर्शी | मंगळ, २०:४०

केदार, या मलमाची गोष्ट थेट आपल्या विषयाशी जोडलेली आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

फ्रेडरिक मोज् १९३०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्यार्थी असताना उंदरांच्या गाठींत वेगवेगळी रसायनं टोचून पाहत होते. झिंक क्लोराइडने पेशी मरत, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना जशीच्या तशी दिसे. त्यांनी त्याचं मलम केलं आणि त्यात ब्लडरूट नावाच्या वनस्पतीची पूड घातली. मलम लावून कातडी जागच्या जागी 'पक्की' करायची, दुसऱ्या दिवशी पदर काढायचा, तपासायचा, उरलं असेल तिथे पुन्हा मलम. १९४१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला ती वेदनेची होती आणि कित्येक दिवस चालायची. १९५३ मध्ये पापणीच्या एका शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चालू असताना वेळ वाचवायला त्यांनी मलमाशिवाय ताजे पदर गोठवून तपासले. पुढे १९७४ मध्ये ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी ताज्या पदरांच्या रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली आणि मलम मागे पडलं.

आज विकली जाणारी काळी मलमं बहुतेक त्याच दोन घटकांची असतात, झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट. फक्त मोज् यांच्या पद्धतीतला जो जीव होता, म्हणजे प्रत्येक पदराची तपासणी, ती त्यांच्यात नाही. मलम निरोगी आणि रोगट पेशींत फरक करत नाही. भाजून खड्डा पाडतं. वर व्रण भरून येतो आणि खाली कर्करोग शिल्लक राहू शकतो, जो मग व्रणाखाली दिसतही नाही. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदवले गेले आहेत. व्हिडिओतली काळी खपली खरी असते, ती मेलेली कातडी असते.

काकांना घेऊन जा. बायोप्सीला फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात.

केदार_म | मंगळ, २१:११

मनापासून धन्यवाद दोघांनाही. काकांशी आताच बोललो, अपॉइंटमेंट घेतोय. ते अ‍ॅस्पिरिन घेतात, ती बंद करायची का?

त्वचावैद्य | मंगळ, २१:३०

स्वतःहून अजिबात नको. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली असेल तर त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेत साधारणतः चालूच ठेवतात. रक्तस्राव दाबून थांबवता येतो. गोळी थांबवल्यामुळे झालेला पक्षाघात मागे घेता येत नाही. मात्र घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.

शरयू | बुध, १०:२५

मी मूकवाचक आहे, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या सासऱ्यांच्या गालावर काळसर चकाकता डाग होता. आम्हीच हौसेने एका सौंदर्य क्लिनिकमध्ये नेलं. पाच मिनिटांत लेसरने काढला, तपासायला काही पाठवलं नाही, 'साधा तीळ आहे' म्हणाले. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा आला, या वेळी मध्ये खोलगट. बायोप्सीत पिगमेंटेड बेसल सेल कार्सिनोमा निघाला. आता मोठी शस्त्रक्रिया ठरली आहे. आधीचा डाग तोच होता का, हे आता कळायचा काही मार्ग आहे का?

त्वचावैद्य | बुध, ११:५०

शरयूताई, वाचून वाईट वाटलं. बेसल सेल शक्यतो शरीरात दुसरीकडे पसरत नाही, हे आधी सांगतो, म्हणजे घरच्यांना धीर येईल. उपचार नीट झाला तर सासरेबुवा बरे होतील अशी पूर्ण अपेक्षा ठेवा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुर्दैवाने नाही असं आहे. लेसरने पेशींची वाफ होते, तपासायला काही उरत नाही. जुना स्पष्ट फोटो असेल तर तो सर्जनला दाखवा, जागा आणि आकार कळायला मदत होते.

गडद त्वचेत बेसल सेल पुष्कळदा असाच काळा आणि चकाकता दिसतो, त्यामुळे तो तीळ समजला जातो. म्हणून माझा नियम कडक आहे: प्रौढ वयात नव्याने आलेला, वाढणारा, रंग बदलणारा किंवा मध्येच रक्त येणारा रंगीत डाग लेसरने काढायचा नाही. आधी डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) पाहायचा, शंका असेल तर कापून लॅबला पाठवायचा. दिसायला बरं व्हावं म्हणून काढत असलो तरीही.

गार्गी | बुध, १२:४०

शरयू, काळजी घ्या. सासऱ्यांना लवकर बरं वाटो.

सूक्ष्मदर्शी यांनी सौंदर्योपचारांकडून मोजमाप मागितलं आहे, त्यावर लिहिते. मी वैद्यकीय चाचण्यांच्या संख्याशास्त्राचं काम करते.

कर्करोगात मोजायची गोष्ट स्पष्ट असते: आजार परतला की नाही, माणूस जगला की नाही. सुरकुती किंवा व्रण कसा मोजायचा? व्रणांसाठी पोसास नावाची मोजपट्टी वापरतात. तिचे दोन भाग, एक तपासणारा भरतो आणि एक रुग्ण: खाज येते का, दुखतं का, रंग किती वेगळा दिसतो. हे दोन भाग पुष्कळदा जुळत नाहीत. डॉक्टरला व्रण छान वाटतो, रुग्णाला नाही. माझ्या मते रुग्णाचा भाग वगळलेला कुठलाही सौंदर्य-अभ्यास अर्धाच असतो.

या क्षेत्राकडे एक सोय मात्र आहे जी हृदयरोगवाल्यांकडे नाही. एकाच जखमेचे दोन अर्धे करता येतात. अर्ध्या भागात एक प्रकारचे टाके, अर्ध्यात दुसरे; कुठल्या अर्ध्यात काय हे चिठ्ठीने ठरवायचं आणि काही महिन्यांनी, ज्याला माहीत नाही अशा माणसाकडून गुण द्यायचे. माणूस तोच, वय तेच, ऊन तेच. उदाहरण देते. जखमेच्या कडा टाके घालताना बाहेर उचलून ठेवाव्यात, म्हणजे व्रण सपाट बसतो, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २०१५ मध्ये अशाच अर्ध्या-अर्ध्या चाचणीत हे तपासलं, तर उचललेल्या आणि साध्या बाजूत व्रणाच्या रूपात फरक सापडला नाही. गुरुमुखातून आलेली गोष्ट खरी की खोटी हे एवढ्या सोप्या रीतीने तपासता येत असेल तर तपासायलाच हवं.

तिरकी_रेघ | बुध, १५:१८

गार्गी, तुमचं पटतं, पण वस्तुस्थिती वेगळी दिसते. सौंदर्योपचारांचे बहुतेक अभ्यास यंत्र किंवा इंजेक्शन विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर होतात, वीस-तीस रुग्ण, तीन महिन्यांचा पाठपुरावा. आधीचा फोटो अंधारात, नंतरचा उजेडात. कर्करोगाचा उपचार करणाऱ्यांनी या धंद्यापासून लांबच राहावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गंभीर वैद्यकशास्त्राचा वेळ वाया जातो.

त्वचावैद्य | बुध, १६:५५

छोट्या आणि कंपनीपुरस्कृत अभ्यासांबद्दल सहमत. 'लांब राहावं' याच्याशी अजिबात नाही.

१९८७ मध्ये जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने चरबी काढण्यासाठी अतिशय पातळ केलेली लिडोकेन-अ‍ॅड्रिनॅलिनची भूल मांडली. पूर्वी हे काम पूर्ण भूल देऊन आणि पुष्कळ रक्त घालवून होई. आज तीच भूल मोठ्या त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत वापरतात, रुग्ण जागा असतो, बोलत असतो. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी दाखवलं की योग्य तरंगलांबी आणि पुरेसा कमी वेळाचा झोत निवडला तर आजूबाजूला न भाजता नेमक्या लक्ष्यालाच उष्णता देता येते. या एका तत्त्वावर बाळांच्या चेहऱ्यावरचे लाल डाग, शस्त्रक्रियेचे लालसर व्रण आणि गोंदण, सगळ्यांचे लेसर उभे आहेत.

बोटॉक्सचा प्रवास तर उलट दिशेचा. अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते विष वापरात आणलं. व्हँकूव्हरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आचक्यांसाठी ते देत होत्या. १९८७ मध्ये एका रुग्णबाईंनी विचारलं की या वेळी कपाळात सुई का दिली नाही, तिथे दिली की चेहरा निवांत दिसतो. जीन यांचे पती अ‍ॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून भुवयांमधल्या आठ्यांवरचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला, अमेरिकेत त्या वापराला मान्यता मिळाली २००२ मध्ये. मधली दहा वर्षं तुलनात्मक चाचण्यांत गेली. तेव्हा सौंदर्योपचारातही नीट संशोधन होऊ शकतं, झालेलं आहे.

आणि नाकाचा अर्धा भाग काढल्यावर तो पुन्हा उभा करताना माझे हात जे करतात, ते सौंदर्यशस्त्रक्रियाच असते. रुग्ण आरशात स्वतःला ओळखू शकला पाहिजे. ती हौस म्हणता येत नाही.

तिरकी_रेघ | बुध, १८:०५

बोटॉक्सचा मुद्दा मान्य. फिलरबद्दल (सुरकुत्या, खळगे भरायला टोचतात तो जेल) काय म्हणाल? ते तर कुणीही टोचताना दिसतं.

त्वचावैद्य | बुध, १८:४०

फिलरबद्दल तुमच्याइतकाच काळजीत आहे. हायलुरोनिक अ‍ॅसिडचा जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, आणि भुवयांमध्ये किंवा नाकावर टोचताना डोळ्याच्या धमनीत पोहोचला तर कायमचं आंधळेपण येऊ शकतं. जेल विरघळवणारं हायलुरोनिडेझ हाताशी असावं लागतं आणि ते कधी, किती द्यायचं हे माहीत असावं लागतं. टोचणाऱ्याला एवढा एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे हायलुरोनिडेझ आहे का? उत्तर अडखळलं तर उठून या.

पारिजात | बुध, २२:१०

माझ्या बहिणीला कर्करोगाआधीचे खरखरीत डाग (अ‍ॅक्टिनिक केराटोसिस) आहेत. निकोटिनामाइडच्या (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) गोळ्या घ्याव्यात का? सनस्क्रीन खरंच उपयोगी असतं, की तोही कंपन्यांचाच प्रचार?

गार्गी | गुरु, ०८:३५

दोन्हींवर चांगला पुरावा आहे, पण सारखा नाही.

सनस्क्रीनचा पुरावा माझ्या दृष्टीने या सगळ्या क्षेत्रातला सर्वात भक्कम. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात १६२१ लोकांना १९९२ ते १९९६ या काळात चिठ्ठीने दोन गटांत वाटलं: रोज लावणारे आणि आपल्या मर्जीने लावणारे. रोजच्या गटात स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कर्करोगाचा आणखी एक प्रकार) सुमारे ४० टक्क्यांनी कमी. पुढे लांब पाठपुराव्यात रोजच्या गटात ११ मेलॅनोमा, दुसऱ्या गटात २२. आणि आपल्या धाग्याला अगदी चपखल बसणारी गोष्ट: त्याच चाचणीत लोकांच्या हाताच्या मागच्या बाजूच्या कातडीचे ठसे घेऊन वार्धक्य मोजलं, तर साडेचार वर्षांत रोजच्या गटात ते २४ टक्के कमी. कर्करोग आणि सुरकुत्या, दोन्ही एकाच चाचणीत मोजले गेले. अशी चाचणी पुन्हा करणं अवघड आहे, कारण आता कुणाला सनस्क्रीनशिवाय राहा म्हणणं बरोबर होणार नाही.

निकोटिनामाइड: २०१५ च्या चाचणीत ज्यांना आधी किमान दोन त्वचेचे कर्करोग झाले होते अशा ३८६ जणांना दिवसातून दोनदा ५०० मिग्रॅ दिलं. वर्षभरात नवे कर्करोग (मेलॅनोमा सोडून) २३ टक्क्यांनी कमी. गोळ्या थांबवल्या की फायदा संपला. पुढे २०२३ मध्ये प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत मात्र फायदा दिसला नाही. बहिणीला आधी कर्करोग झालेला नसेल तर हा पुरावा तिला थेट लागू होत नाही. डॉक्टरांना विचारून ठरवा.

मनमोकळा | गुरु, १३:२२

धागा फार माहितीपूर्ण झालाय. शेवटचा प्रश्न: नव्या इम्युनोथेरपीमुळे (शरीराचीच प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारी औषधं) शस्त्रक्रियाच लागणार नाही असं ऐकतो, ते कितपत खरं? आणि कापायचं नसेल तर मलम (डॉक्टरांचं) चालतं का?

त्वचावैद्य | गुरु, २०:१५

मलमाचं आधी. इमिक्विमॉड हे मलम विरुद्ध शस्त्रक्रिया अशी ब्रिटनमध्ये चाचणी झाली, कमी धोक्याच्या बेसल सेलमध्ये. पाच वर्षांनी मलमाचं यश ८२.५ टक्के, शस्त्रक्रियेचं ९७.७. म्हणजे मलम बऱ्यापैकी चालतं, पण कापण्याइतकं नाही. पाठीवर उथळ गाठ असलेल्या, शस्त्रक्रिया नको असलेल्या वयस्क माणसाला आकडे समोर ठेवून मी मलम देतो. नाकावर देत नाही.

इम्युनोथेरपीत खरोखर मोठं काही घडतं आहे. २०२२ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या स्क्वेमस सेलच्या ७९ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी सेमिप्लिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे जास्तीत जास्त चार डोस दिले. नंतर काढलेल्या भागात निम्म्या रुग्णांत, ५१ टक्के, कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. यात असेही रुग्ण असतात की ज्यांचा डोळा किंवा जबड्याचा भाग काढावा लागला असता. मेलॅनोमात २०२४ च्या नादिना चाचणीत आधी इम्युनोथेरपीची दोन औषधं आणि मग शस्त्रक्रिया या क्रमाने एका वर्षात आजार न वाढलेले ८४ टक्के होते, आधी शस्त्रक्रिया आणि मग एकच औषध दिलेल्या गटात ५७ टक्के.

आता पुढचा प्रश्न साहजिक आहे: पेशी उरल्याच नसतील तर कापायचं कशाला? पण पेशी उरल्या नाहीत हे आज आपल्याला कापूनच कळतं. स्कॅनवर डाग दिसतो तेव्हा प्रत्यक्षात तिथे फक्त व्रण असू शकतो. ज्या रुग्णांनी शस्त्रक्रिया नाकारली त्यांचा पाठपुरावा चालू आहे, योग्य ती तुलना मात्र व्हायची आहे. शिवाय ही औषधं फुकटात बसत नाहीत, थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांवर कायमचे परिणाम होऊ शकतात. नाकावरच्या छोट्या बेसल सेलला याची काही गरज नाही.

शरयू | शुक्र, ११:०५

सासऱ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. मोज् सगळीकडे होत नाही, त्यांची साध्या पद्धतीने होणार आहे आणि कडा नंतर तपासतील. सूक्ष्मदर्शी ताई, रिपोर्ट आल्यावर आम्ही काय पाहायचं? कोणते शब्द महत्त्वाचे?

सूक्ष्मदर्शी | शुक्र, १९:५०

शरयू, रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोध.

पहिली, प्रकार. बेसल सेलच्या पुढे 'नोड्युलर' किंवा 'सुपरफिशियल' लिहिलं असेल तर तो शांत प्रकार. 'इनफिल्ट्रेटिव्ह', 'मॉर्फिफॉर्म' किंवा 'मायक्रोनोड्युलर' असेल तर तो मुळं सोडणारा, तिथे कडांबद्दल जास्त काटेकोर राहायचं. दुसरी, कडा: बाजूची आणि तळाची दोन्ही वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. नुसतं 'मोकळ्या' असण्यापेक्षा किती मिलिमीटरने मोकळ्या हे विचार. तिसरी, मज्जातंतूभोवती पेशी आहेत का, ते रिपोर्टमध्ये 'पेरिन्यूरल' या शब्दाने येतं. चौथी, दिशा. सर्जनने तुकड्याला एका टोकाला दोऱ्याचा टाका घालून पाठवला तर कुठल्या कडेला पेशी शिल्लक आहेत ते आम्हाला सांगता येतं. त्यांना आधीच विनंती कर.

कडा मोकळ्या असल्याचं कळेपर्यंत कातडी फिरवून जखम झाकायची घाई करू नये असं सर्जनशी आधीच बोलून ठेवा. साधी पट्टी ठेवून रिपोर्टची वाट पाहता येते, चेहऱ्यावरच्या धोक्याच्या जागी पुष्कळ सर्जन तसंच करतात.

आणि पॅराफिन ब्लॉकबद्दल (मेणात बसवलेला काढलेला तुकडा) विचारून ठेव. लॅबमध्ये ते ब्लॉक वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात. पुढे कधी शंका आली किंवा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत हवं झालं, तर त्याच ब्लॉकचे नवे थर कापून पाहता येतात. रिपोर्ट आला की नाव झाकून इथे लिही, शब्द कळले नाहीत तर मी समजावून सांगेन. उपचार काय करायचे ते मात्र तुमच्या सर्जननेच सांगायचं.